बेचाळीस नांगरांचा महजर

हरणटोक किल्ल्याच्या पूर्व बुरुजावर उन्हाची पहिली तिरीप पडली तेव्हा खालची सारी खोरी अजून धुक्यात बुडालेली होती, आणि त्या धुक्यातून, किल्ल्याच्या नागमोडी वाटेने, डोक्यावर ओझी घेतलेल्या माणसांची एक लांबलचक रांग धापा टाकत वर चढत होती. तंबूच्या कनाती, बाटल्यांच्या पेट्या, कोंबड्यांची खुराडी, आणि रांगेच्या अगदी शेवटी, एका उघड्या माणसाच्या डोक्यावर उलटी घातलेली, लाल मखमलीची, नक्षीच्या हातांची एक भली थोरली खुर्ची! नगारखान्याच्या सज्जात उभे राहून संस्थानचे चिटणीस दाजीपंत हा तमाशा पाहत होते आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. का जाऊ नये? याच संस्थानात वेठ बंद होऊन अजून वर्ष झाले नव्हते, आणि खाली चाललेली ती सारी माणसे वेठीनेच धरून आणलेली होती.

खुर्चीचे कारण सांगायलाच हवे. हरणटोकच्या सदरेवर दोनशे वर्षे राजापासून रंकापर्यंत सगळे बिछायतीवर मांडी घालून बसत आले. इंग्रज सरकारचे पोलिटिकल एजंट मेजर क्रॉली यांना मात्र मांडी घालणे मानवत नसे, आणि राजवाड्यातल्या खुर्च्या चालत नसत, कारण त्यांची बैठक गादीपेक्षा वीतभर उंच असलीच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता. मग साहेब जिथे जाईल तिथे खुर्ची जायची, आणि खुर्चीला काही पाय फुटलेले नव्हते. ती कुणाच्या तरी डोक्यावरूनच जायची.

गेल्या वैशाखात तर साहेबांनी कहर केला. थंड हवेसाठी कातळवाडीच्या माळावर तळ द्यायचे त्यांच्या मनात आले आणि आंघोळीचा बिडाचा टब घाटातून वर न्यायला सोळा माणसे शेतांतून, गोठ्यांतून, एक तर बहिणीच्या लग्नाच्या मांडवातून ओढून आणली. तिसऱ्या वळणावर दोर तुटला. टबाखाली दोघे जण जागीच गेले. एजन्सीच्या टिपणात त्या दिवशीची नोंद झाली ती टबाला पोचा आल्याची. मेलेल्यांची नावे विचारायला कोणी वळूनही पाहिले नाही.

हरणटोकचे राजे श्रीमंत सुभानराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्या दोघांची राख सावडून झाली त्याच दिवशी त्यांनी सदरेवर बसून हुकूम सांगितला आणि दाजीपंतांनी तो लिहून घेतला: कोणाही रयतेस, मग ती कोणत्याही जातीची असो, तिच्या राजीखुशीवाचून व रोख मजुरीवाचून कामास धरू नये, धरील त्याचे पारिपत्य होईल, मग तो धरणारा सरकारचा असो वा सरकारच्या दोस्ताचा असो. छत्तीस वर्षांच्या चाकरीत त्यांनी हजारो कागद लिहिले, पण आपला जन्म ज्यासाठी झाला तो कागद हाच, असे त्यांना वाटले.

मेजर क्रॉलींचा खलिता आठ दिवसांत आला. सुधारणा करणे स्तुत्य आहे, परंतु ती केव्हा आणि कोणती करावी हे ठरविण्याइतकी प्रौढता संस्थानिकांस अद्याप आलेली नाही, असा त्यातला मतलब. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच! दोन महिन्यांत एजन्सीने वासुदेव हरी नावाचे एक रावबहादूर कारभारी म्हणून संस्थानच्या डोक्यावर आणून बसवले. त्यांनी पहिल्याच दिवशी दाजीपंतांकडून शिक्का आणि दफ्तराच्या किल्ल्या काढून घेतल्या, आणि दाजीपंत नावापुरते चिटणीस उरले.

आज भर दरबारात काय व्हायचे होते, हे किल्ल्यावर सगळ्यांना ठाऊक होते. सुभानरावांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव आणि स्वखुशीने' राज्यकारभार एजन्सीच्या हवाली केल्याचा कागद तयार होता. फक्त सहीची खोटी होती. सही झाली की हुकूम रद्द, आणि वेठ पुन्हा सुरू. दाजीपंत तरातरा राजवाड्याकडे निघाले.

सुभानराव देवघराबाहेरच्या ओसरीवर एकटेच बसले होते. अंगावर दरबारी पोशाख चढलेला होता, पण तोंडावरची कळा पार उतरली होती.

"महाराज, सही करायची नाही," मुजरा करता करताच पंत म्हणाले.

"मी करणार आहे, पंत."

"कोणाच्या भयाने?"

"भयाने?" राजांनी मान वर केली. "साहेबाच्या पलटणीला भ्यालो असतो तर वैशाखातच भ्यालो असतो. काल संध्याकाळी कारभाऱ्यांनी मला महजर आणून दाखवला. आमच्या बेचाळीस गावांचा. वेठ बंद झाल्याने गावांची जुनी घडी मोडली, हलके लोक माजले, पाटलांना कोणी विचारीनासे झाले, राजा अननुभवी आहे, तरी सरकारने कारभार हाती घ्यावा. खाली बेचाळीस पाटलांच्या निशाण्या. ज्यांच्यासाठी सगळ्या जगाशी वैर घेतले, तेच म्हणतात की तू नको. मग मी कोणासाठी भांडू? सांगा!"

"खोटा असेल तो महजर!"

"पाहिलात तुम्ही?"

पंतांना तो कोण दाखवणार? राजे उठले आणि हळू आवाजात म्हणाले, "खोटा असता तर फार बरे झाले असते, पंत. रात्रभर मी तीच प्रार्थना करीत होतो."

महजर म्हणजे गावोगावच्या वतनदारांनी मिळून दिलेली साक्ष. लिहिता न येणारा माणूस त्याखाली आपल्या हाताने आपले हत्यार काढी: सुतार वाकस काढी, कुंभार चाक काढी, पाटील नांगर काढी. ज्यावर ज्याचे पोट, तीच त्याची सही, आणि तिला राजाच्या शिक्क्याइतका मान. म्हणूनच सुभानराव असे खचले होते. हा राग कोणावर काढावा ते पंतांना कळेना. राजांवर काढवत नव्हता, रयतेवर काढायला मन घेत नव्हते. दातओठ खात ते सदरेकडे वळले.

सदर भरली होती. डाव्या हाताला मानकरी, उजव्या हाताला एजन्सीची मंडळी, समोर गादी, आणि गादीशेजारी मोकळी ठेवलेली साहेबांची जागा. खुर्ची तेवढी अजून दाराशीच होती. ती वाहून आणणारा माणूस गुडघ्यावर बसून ती डोक्यावरून उतरवत होता. मान आखडलेली, कपाळाला खुर्चीच्या काठाचा लाल वळ. त्याने तोंड वर केले आणि दाजीपंत चरकले. तो कातळवाडीचा पाटील होता, धाकू झोरे!

"धाकू? पाटील असून तू ओझे वाहतोस?"

"काय करू, पंत? शिपाई वाडीत आले. माजा शेजारी लखू तापानं फणफणल्याला, त्यालाच हातरुणातनं वडाया लागले. म्या म्हनलं, त्याला सोडा, मला न्या." धाकूने खांद्यावरच्या फडक्याने घाम पुसला. "म्हाराजांनी हुकूम काढला तवा आमी गावजेवान घातलं हुतं. आता कुनाचा हुकूम चालतोय, त्येच कळंना."

गावजेवण घातले होते! मग या गावाने राजा नको म्हणून निशाणी कशी दिली? पंत आणखी विचारणार तोच एजन्सीच्या पट्टेवाल्याने धाकूला बखोटीला धरून दाराबाहेर लोटले आणि भालदार चोपदारांची ललकारी उठली.

मेजर क्रॉली आले ते बूट न काढताच आले, आणि खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले. रावबहादुरांनी रेशमी बासनातून महजर काढून चांदीच्या तबकात ठेवला, शेजारी तो दुसरा कागद ठेवला, आणि मधाळ आवाजात म्हणाले, "महजर सरकारस्वारींनी कालच नजरेखालून घातला आहे. सबब वाचनाची तसदी न घेता सहीचा समारंभ आटोपून घ्यावा."

"क्षमा असावी," दाजीपंत उभे राहिले. "महजर सदरेवर आला की तो चिटणिसाने मोठ्याने वाचावा, गाव, पाटील आणि निशाणी यांतले एकही न गाळता, तोवर गादीने त्याला उत्तर देऊ नये, असा हरणटोकचा दोनशे वर्षांचा शिरस्ता आहे. शिक्का काढून घेतलात, किल्ल्या काढून घेतल्यात. तोंड अजून माझे मजपाशी आहे."

"त्याची काही आवश्यकता..." रावबहादूर घाईने बोलू लागले, पण साहेबांनी हात वर केला. मेजर क्रॉलींना मराठी चांगले येई, आणि या म्हाताऱ्याच्या तोंडून त्याच्याच धन्याची नालस्ती भर दरबारात ऐकण्याची कल्पना त्यांना फारच आवडली. "वाचू द्या त्यांना," ते हसून म्हणाले. "मोठ्याने वाचा, चिटणीस. प्रत्येक अक्षर."

रावबहादुरांचा चेहरा उतरला, पण साहेबाच्या शब्दापुढे बोलायची त्यांची काय बिशाद?

दाजीपंतांनी महजर हातात घेतला आणि वाचायला सुरुवात केली. मजकूर वाचताना त्यांच्या जिभेला चटके बसत होते. राजे मान खाली घालून बसले होते. साहेब बोटांनी खुर्चीच्या हातावर ताल धरीत होते. मजकूर संपला, गावे सुरू झाली. मौजे पिंपळोशी, निशाणी नांगर. मौजे तांबडेवाडी, निशाणी नांगर. मौजे आडगाव, निशाणी नांगर. एकेका नावासरशी राजांच्या पाठीवर एकेक कोरडा बसत होता. वीस झाली, तीस झाली. पस्तिसावे गाव आले आणि पंत ओघात वाचून गेले:

"मौजे कातळवाडी, पाटील धाकू वलद बाबू झोरे, निशाणी नांग..."

पंत थांबले. त्यांनी तो कागद डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. नांगरच होता. ठसठशीत, डौलदार, शेजारच्या नांगरासारखाच एका हाताने ओढलेला नांगर.

"पुढे वाचा," रावबहादूर म्हणाले.

"थांबा हो!" दाजीपंत असे काही गरजले की चोपदाराच्या हातची काठी आपटली. "महाराज, कातळवाडीत नांगर आहे कुठे? नावाप्रमाणे सगळा कातळ! कोयत्याने रान तोडायचे, जाळायचे, आणि त्या राखेत काठीने टोचून नाचणी पेरायची, ही त्या गावची शेती. त्या गावात आजवर नांगर चढला नाही, बैल जुंपला नाही. मी छत्तीस वर्षे कातळवाडीचे कागद पाहिले आहेत. त्या पाटलाची निशाणी कोयता! त्याच्या बापाची कोयता, आज्याची कोयता! एजन्सीच्या कोणा कारकुनाने कचेरीतल्या मेजावर बसून बेचाळीस नांगर काढले, आणि ज्या गावाचे नाव लिहिले ते गाव कसे जगते हे विचारण्याचेही कष्ट त्या मुर्दाडाने घेतले नाहीत!"

सदरेवर एकदम गलका उठला. सुभानरावांची मान वर आली.

"लेखकाचा हस्तदोष," रावबहादूर ओठ चाटीत म्हणाले. "एका गावची निशाणी चुकली असेल..."

"तर मग गावालाच विचारू. पाटील दाराबाहेर उभा आहे. तुमच्याच साहेबाची खुर्ची डोक्यावर घेऊन आला आहे तो! चोपदार, धाकू पाटलाला आत घ्या."

चोपदाराने एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा राजांकडे पाहिले. राजांनी मान हलवली. धाकू झोरे आत आला, उघड्या अंगाने, भिंतीच्या कडेकडेने, बिछायतीवर आपला पाय पडू नये म्हणून जपत. मेजर क्रॉली आता सरळ बसले होते. त्यांनी शब्द न् शब्द सुटा करीत सांगितले, "पाटील, विचार करून बोल. सरकारी कागदाविरुद्ध खोटे बोलणाऱ्याला मी काळ्या पाण्यावर पाठवतो. ही निशाणी तुझी आहे ना?"

धाकूला घर होते, म्हातारी आई होती, आणि साहेबाच्या तळापासून त्याची वाडी हाकेच्या अंतरावर होती. त्याने नुसती मान डोलावली असती तरी त्याला कोणी दोष दिला नसता. धाकूने कागदावरचा तो नांगर न्याहाळला. मग कमरेचा कोयता काढावा म्हणून त्याचा हात मागे गेला, पण दरवाजावर शिपायांनी तो काढून घेतला होता.

"ह्यो नांगर म्या काढल्याला न्हाई," तो म्हणाला. "मला कुनी इचारलंच न्हाई, सायेब. शेजारच्या तीन वाड्यांच्या पाटलांस्नी बी न्हाई. काल रातच्याला वाटंत आमी एका जागीच ओझी उतरली हुती, त्ये बी वेठीलाच हायती. बाहेर बसल्यात, इचारा. टबाखाली मेला त्यो माजा धाकला भाऊ. आनि म्या लिवून दीन व्हय, की वेठ पायजे म्हनून? अवो, काय तरी लाज धरा!"

मग गादीवरून हसण्याचा आवाज आला. सुभानराव हसत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते. "पंत," ते म्हणाले, "ते मला नको म्हणाले नाहीत. ऐकलेत? म्हणालेच नाहीत!" ते उठले. राजे उठले तशी सारी सदर उठली. एकटे साहेब तेवढे खुर्चीत राहिले.

"मेजरसाहेब, या कागदावर माझी सही होणार नाही."

मेजर क्रॉलींच्या मानेपर्यंत लाली चढली. "राजासाहेब, या महजराची सरकारला गरज नाही. तो केवळ तुमची अब्रू राखण्यासाठी होता. पावसाळ्यापूर्वी दोन कंपन्या घाट चढून येतील आणि तुम्हाला या गादीवरून खाली उतरवतील."

"उतरवा. बळ तुमच्यापाशी आहे, मी नाही म्हणत नाही. पण मग 'उतरवले' असे लिहा. 'स्वखुशीने' लिहाल तर तो शब्द खोटा आहे हे सांगायला या सदरेवरची दोनशे तोंडे जिवंत आहेत. सुधारणा शिकवायला आलात ना आम्हाला? मग आधी खऱ्याला खरे म्हणायला शिका!"

साहेब तडक उठून गेले. त्यांची खुर्ची उचलायला धाकू पाटील पुढे झाला नाही, आणि दुसरेही कोणी झाले नाही. शेवटी एजन्सीच्या दोघा पट्टेवाल्यांनी ती लाजत काजत बाहेर नेली.

साहेबांनी बोलल्याप्रमाणे केले. ज्येष्ठात दोन कंपन्या आल्या. सुभानरावांना मेण्यात बसवून उत्तरेकडच्या कुठल्याशा दूरच्या शहरी नेऊन ठेवले, आणि सरकारी कागदात त्यांच्या नावापुढे 'चित्तभ्रम' असा शेरा पडला. 'स्वखुशी' हा शब्द मात्र कुठेही घालता आला नाही. दाजीपंतांचे इनाम गेले, घर जप्त झाले, किल्ल्याच्या तटाआत पाऊल ठेवायची बंदी झाली. छत्तीस वर्षांच्या चाकरीनंतर ते एक गाठोडे घेऊन कातळवाडीत आले आणि धाकूने आपल्या घराची अर्धी पडवी त्यांना करून दिली. नवा हुकूम निघाला, की वेठ पूर्ववत सुरू. पहिल्या फेऱ्याला कातळवाडीतून एकही माणूस उठला नाही, तेव्हा शिपायांनी धाकूला चिंचेला बांधून फटके मारले. दुसऱ्या फेऱ्याला शेजारच्या तीन वाड्या उठल्या नाहीत. दिवाळीपर्यंत पाटलांच्या पाठी फोडून फोडून शिपाई थकले, आणि एजन्सीला वरून विचारणा झाली की हे लोक एकाएकी असे का वागू लागले.

पुढल्या वैशाखात मेजर क्रॉली पुन्हा थंड हवेला निघाले. बैलगाड्या घाटाच्या पायथ्यापर्यंत आल्या आणि तिथेच राहिल्या, कारण वर नेणारे कोणी नव्हते. तीन दिवस पेट्या उन्हात पडल्या. चौथ्या दिवशी साहेब स्वतः घाट चढून आले, पायी, घामाने निथळत, टोपी हातात घेऊन. धाकू पडवीत टोपली विणत बसला होता. दाजीपंत त्याच्या शेजारी होते. पंतांना पाहून साहेबांनी नजर वळवली.

"पाटील," त्यांनी विचारले, "वीस माणसे हवी आहेत. माणशी आठ आणे रोज देऊ. येतील का तुमची माणसे?"

दाजीपंत सावरून बसले. त्या हुकुमात त्यांनी आपल्या हाताने लिहिले होते, राजीखुशीवाचून आणि रोख मजुरीवाचून धरू नये. आणि तो रद्द करणारा माणूस आज त्यातली दोन्ही कलमे पाळून, भर उन्हात, एका कातळवाडीकराच्या पडवीपुढे उभा होता. आठ आणे म्हणजे कातळवाडीत थोडकी गोष्ट नव्हती. आसपासच्या खोपटांतून बायका बाहेर येऊन पाहू लागल्या.

धाकूने टोपली बाजूला ठेवली.

"आज तुमी इचारलंत, सायेब. ब्येस झालं," तो म्हणाला. "न्हाई येनार."

टोपी घालून साहेब आल्या वाटेने घाट उतरू लागले, आणि धाकूने टोपलीची अर्धवट राहिलेली कड पुन्हा विणायला घेतली.